क्वेट्ट्याचे कांदे

मु. पोशीर, ता. कर्जत
श्रावण शु. ६, शके १८४८

चि. गजाननभावजी यांस गोदावरीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमचे पार्सल पोहोचले. पलटणीच्या हिशेबखात्यात नोकरी करणारा दीर वहिनीला निदान सुका मेवा पाठवील, असे आम्हां खेडवळांना वाटले होते. दोरी सोडून पाहते तो नखाएवढे केसाळ कांदे! सोबत चिठ्ठी, की ही डोंगरातली रानटी ट्यूलिपची फुले, वहिनीने अंगणात वाढवावी. वाढवते की. मला दुसरे काम तरी काय आहे?

मामंजींनी पार्सलकडे पाहून विचारले, की तिकडे दुष्काळ पडला का. तुमचे नाव ते घेत नाहीत, हे जाणताच. तुम्ही आवडीशी, एका विधवेशी, लग्न लावलेत त्याला चार वर्षे झाली. पण ‘ती बाई’ आपला उंबरा ओलांडणार नाही हा त्यांचा शब्द अजून जागच्या जागी आहे. तुमचे दादा मध्ये बोलत नाहीत. ते कशातच बोलत नाहीत.

कांदे मी त्याच दिवशी परसात लावून टाकले. पाऊस झकास आहे, भातासारखे फोफावतील. आवडीस आशीर्वाद. मेवा नाही तर नाही, माया तरी पाठवीत जावी.

गोदावरी

क्वेट्टा
भाद्रपद शु. २

ती. सौ. वहिनींस गजाननाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

धन्य आहात. सारा गाव भात लावतो म्हणून तुम्ही ट्यूलिपही चिखलात लावलेत! अहो, हे झाड इथल्या खडकाळ डोंगरात राहते. उन्हाळाभर जमिनीखाली कोरडे झोपते, मग त्याला कडाक्याची थंडी हवी. लाडाने मरते. उरले असतील ते कांदे ताबडतोब काढा, पुसा आणि कोरड्या जागी ठेवा. दिवाळीनंतर वाळूच्या कुंडीत लावा. रात्री थंडीत, दिवसा उन्हात, पाणी नावापुरते.

एक सांगायचे राहिले. हे कांदे मी काढलेले नाहीत. ते दगडांत हातभर खोल असतात. आवडीने बोटे फुटेस्तोवर उकरून काढले. म्हणाली, की मला त्या घरात पाऊल टाकता येत नाही, तर माझ्या हातचे काहीतरी तिथे रुजू दे. मी आधी हसलो, मग हसवेना.

चैत्रात दोन महिन्यांची रजा मिळेल. बाबांनी बोलावले तर दोघे येऊ. एकटा मी येणार नाही. नाही तर पुण्याला तिच्या मामांकडे जाताना गाडीच्या खिडकीतून नेरळ स्टेशन बघू. स्टेशन बघायला बंदी नसावी. रागवा, पण आठवण ठेवा.

आपला
गजानन

मु. पोशीर
मार्गशीर्ष व. ४

चि. गजाननभावजी यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या नाजूक पाहुण्यांपैकी बहुतेक आमच्या पाहुणचाराने कुजले. चारच वाचले, ते पुसून कोनाड्यात ठेवले. तुमचे पत्र मी ओटीवर तुमच्या दादांना वाचून दाखवले. मामंजी झोपाळ्यावर मुद्दाम मोठ्याने जप करीत होते, ऐकू येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी कोनाड्यातले कांदे गायब! सापडले कुठे, तर मामंजींच्या पगडीच्या खोक्यात. पगडी खुंटीला. म्हणाले, की उंदरांनी खाल्ले तर तिकडे बोभाटा होईल, या धोंडोपंताने मारले म्हणून. वर आज्ञा, की त्या बाईच्या कांद्याला माझ्या विहिरीचा थेंब द्यायचा नाही, तहानेने तडफडू दे. दिवाळी होताच नागू गड्याकडून नदीवरची वाळू आणवली आणि स्वतः कुंडी भरली. आता रात्री कुंडी अंगणात थंडीत कुडकुडते, दिवसा उन्हात भाजते आणि मी पाणी घालू नये म्हणून शेजारी काठी घेऊन स्वारी बसते. ही सगळी शिक्षा आहे बरे का! तुमच्या पत्रातली ओळ न् ओळ पाळून शिक्षा चालली आहे. नागू म्हणतो, की मालकांचं काय खरं नाय, कांद्याशी भांडत बसत्यात.

बोलावण्याचे मात्र नाव नाही. विचारायची छाती मला झाली नाही. या भित्र्या वहिनीवर लोभ ठेवावा.

गोदावरी

मु. पोशीर
फाल्गुन शु. ११

चि. गजाननभावजी यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फुलले! एकच, पण फुलले. बाहेरून लाल, आतून पांढरे, देठ माझ्या करंगळीहून बारीक. ऊन आले की उघडते, दिवेलागणीला मिटते. मामंजी म्हणाले, की तिन्हीसांजेला घरात यावे हे कांद्याला कळते, काही मुलांना कळत नाही.

काल तुमच्या आत्या आल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे बोलणे चालले होते. आत्यांनी कुंडीकडे पाहून नाक मुरडले, की तसल्या हातचे फूल गौरीसमोर नको बाई. मामंजींनी झोपाळा थांबवला. विचारले, की त्या हाताला काय झाले आहे? बोटे फुटेस्तोवर दगड उकरले आहेत त्या हाताने. तुझ्या हाताने या घरात कधी तुळशीला आळे तरी केले होते का? म्हणजे जप करता करता सगळे ऐकले होते तर! आत्या चहा न घेता गेल्या.

मग मामंजींनी दौत मागितली. त्यांचे पत्र सोबत आहे. मी नुसता मायना वाचला आणि रडले. चुलीच्या धुराचे निमित्तसुद्धा केले नाही. माझ्यासाठी सुका मेवा आणायला विसरू नये.

गोदावरी

मु. पोशीर
फाल्गुन शु. ११

चि. सौ. आवडी हिस धोंडो विठ्ठल याचे आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या नवऱ्याला लिहिण्याचे मला कारण नाही, म्हणून तुला लिहितो.

कांदे पाठवायचे आणि ते जगले तर पुढे काय करायचे हे कळवायचे नाही, अशी तुमच्याकडे रीत असावी. फूल आठवडाभर टिकेल तर खूप. पुढे पाने पिवळी पडतील. गोदा पाणी घालायला टपलेली आहे. पावसाआधी कांदे काढून कोरडे ठेवायला जाणते माणूस हवे. माझ्या पगडीचे खोके पुन्हा मिळणार नाही. तेव्हा रजेत नेरळला उतरावे. नागू बैलगाडी घेऊन येईल. हे बोलावणे आहे असा अर्थ तुझ्या नवऱ्याने काढू नये. कांद्यांची सोय लावायची आहे.

चैत्रगौर बसलेली असेल. फूल नसले तर मोगरा आहे. तो तिच्यापुढे तू ठेवायचा. कोणाला बघवणार नसेल त्याने आपल्या घरी बसावे.

गोदाला उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवायला सांगितले आहे. घाबरून जपून पाऊल टाकू नकोस. पोशीरचा तांदूळ आहे, सांडला तरी आपल्याच घरात सांडतो.