सर्व्हेच्या दगडाला नारळ

बुकित बातोक, सिंगापूर
४ मार्च २०२५

ती. मेधाताईस,
हेमचंद्रचा शि. सा. न. रागावलोय, तरी नमस्कार पोटातून आहे.

फोन केला तर मी ओरडेन आणि तू फोन ठेवशील, म्हणून लिहितोय. ताई, तू पेपरात झळकली आहेस! तीही बोर्निओतल्या पेपरात, पहिल्या पानावर! तुम्ही सहलीला आलात तेव्हाचा फोटो: तिथल्या माझ्या जंगल कॅम्पामागच्या टेकडीवर तू नारळ फोडते आहेस, मागे तुझं अख्खं महिला मंडळ टाळ्या वाजवतंय, आणि खाली छापलंय की खाणीच्या नव्या रस्त्याचं पर्यटकांनी जोरदार स्वागत केलं.

अगं, ज्याला हळदकुंकू वाहिलंत तो खाण कंपनीच्या सर्व्हेचा दगड होता! तुमच्या पोह्यांचं बघायला मी जरा पुढे काय गेलो, तुम्ही दिवे लावलेत. हाच रस्ता अडवायला आम्ही सगळे टूरवाले झगडतोय. तो त्या टेकडीवरून गेला की दिवसभर ट्रक आणि धूळ, धनेश पक्षी तर पहिल्या दिवशीच पळतील. मग आयटीतली नोकरी सोडून उभा केलेला माझा कॅम्प बघायला कोण येणार?

आमच्या संघटनेच्या मिसेस तान सरळ म्हणाल्या की मी कंपनीला फितूर झालोय. कंपनीने टूरवाल्यांना इथे सिंगापुरात बैठकीला बोलावलंय, तिथे मी बोलायचं नाही असं ठरलंय. चैत्राली बिचारी माझी समजूत काढते. आपली गार्गी मात्र फोटो बघून लोळून हसते आणि इथल्या सिंगापुरी थाटात म्हणते, आत्या फेमस लाह.

आता तूच सांग, काय करू?
चिडलो तरी तुझाच,
हेमचंद्र

पुणे
१२ मार्च २०२५

चि. हेमचंद्र यास,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. मोठ्या बहिणीला असं लिहितात होय रे?

अरे, गर्द रान, भल्यामोठ्या झाडाच्या बुंध्याशी एक दगड, भोवतीची जागा लख्ख साफ केलेली आणि माथ्यावर लालभडक रंग. आपल्यातल्या कुणाचा हात छातीशी जाणार नाही? प्रणिताच्या पर्समध्ये कुंकवाचा करंडा होताच, नारळही प्रवास सुखाचा व्हावा म्हणून नेले होते. कुणीतरी पिवळ्या हेल्मेटवाला तिथे आला, त्याने हात जोडले आणि फोटो काढला. मी म्हटलं, किती भाविक माणूस! त्याला खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला. आता तो तुकडा आठवून माझा जीव जळतो.

प्रणिता म्हणते, तो देवच आहे असं ठणकावून सांगा. आपल्याकडे शेंदराच्या दगडापुढे भलेभले रस्ते वाकडे होतात. पण देवाच्या नावावर खोटं बोलायला माझी जीभ रेटणार नाही. तू फक्त त्या बैठकीत मला लॅपटॉपवर आण. मी घातलेला गोंधळ मीच निस्तरते. इंग्रजीची काळजी करू नकोस, जन्मभर तेच शिकवलंय मी. तुझा कॅम्प गेला तर मला अन्न गोड लागायचं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
मेधा

बुकित बातोक
२ एप्रिल २०२५

ती. मेधाताईस,
आज नमस्कार लोटांगण घालून!

ताई, जिंकलो! बैठकीत तुझं बोलून झालं आणि नेमकं नेट गेलं, म्हणून सगळं सांगतो. तू म्हणालीस ना, की धनेश डोक्यावरून गेला, त्याच्या पंखांचा आवाज ऐकून आमच्या मंडळातल्या बायका जन्मात पहिल्यांदा एकदम गप्प झाल्या, इथे देव असणारच असं वाटलं म्हणून नारळ फोडला. रस्तेच बघायचे तर आम्ही एवढ्या लांब कशाला येऊ? त्यावर कंपनीचे साहेब गडबडले. पर्यटकांना रस्ता हवाय, हेच तर त्यांचं तुणतुणं होतं! मिसेस तान यांनी लगेच माइक घेतला आणि डोंगरापलीकडे लाकूडतोडीचा जुना रस्ता पडून आहे, तो वापरा म्हणून धरून बसल्या.

गेल्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. ट्रक पलीकडूनच जाणार! मी स्वयंपाकघरात नाचलो, चैत्रालीच्या हातून कढई पडता पडता राहिली. लिटिल इंडियातून जिलबी आणून अख्ख्या मजल्याला वाटली. मिसेस तान माफी मागायला घरी आल्या आणि जेवूनच गेल्या.

एकच घोडं अडलंय. टेकडीवरचे बाकीचे सगळे दगड उपटले, तुमचा तेवढा उरलाय. पूजा झालेल्या दगडाला हात लावायला तिथले मजूर तयार नाहीत. तुमची काय रीत असेल ती सांगा म्हणून तोच पिवळ्या हेल्मेटवाला मला सारखा फोन करतोय. काय सांगू त्याला?

तुझ्या मायेवरच उड्या मारणारा,
हेमचंद्र

पुणे
१० एप्रिल २०२५

चि. हेमचंद्र यास,
आशीर्वाद आज उतू चाललेत, सांभाळून घे.

तुझं पत्र वाचून मी रडले रे. गेला महिनाभर रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, लहान भावाचा संसार आपण एका नारळात फोडला असंच वाटत होतं. मंडळात पत्र मोठ्याने वाचलं, तर प्रणिता खुर्चीवर उभी राहून ओरडली. साठीची बाई!

आता त्या दगडाचं. साधी उत्तरपूजा करायची. हळदकुंकू, अक्षता, गूळखोबऱ्याचा नैवेद्य. मग हात जोडायचे आणि गणपती हलवतो तसा दगड किंचित हलवायचा. झालं, त्यानंतर खुशाल उचला म्हणावं. पूजा तू स्वतः जाऊन कर, दुसऱ्या कुणावर सोडू नकोस.

आणि हे नीट लक्षात ठेव. शेवटी आपण 'पुनरागमनाय च' म्हणतो ना, ते या वेळी चुकूनसुद्धा म्हणायचं नाही!

लोभ कर, पण आधी दगड हलव.
तुझी ताई,
मेधा