ताक पिणाऱ्याचं पोट

बाबा, दुपार झाली तरी मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. शेवटी लेक म्हणाली, "आई, बस ना जरा." बसले, तर तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. दादा मुंबईत दवाखान्यात आहे. त्याचं पोट तुमच्यासारखंच फुगलंय, पाय सुजलेत, हात काटकुळे झालेत. वाडीवरून काकीचा फोन आला होता. विचारपूस राहिली बाजूला, म्हणते कशी, "बापसावर गेलाय गो. पीत असंल लपून." मला इतका संताप आला की मी फोनच बंद केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोकांनी तुमच्या हातात दिलेली बाटली काही सुटत नाही.

तुम्हाला महाडला नेलं तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आंबेनळी घाटाच्या वरच्या वाडीतून डोलीत घालून खाली आणलेलं, पुढे जीप. डॉक्टर पोटावर बोटं वाजवतात आणि वर न बघताच विचारतात, "रोज किती पिता?" तुम्ही म्हणता, "दोन तांबे." ते चपापून बघतात, तेव्हा तुम्ही सावकाश सांगता, "ताक." आईला तेवढ्यातही हसू फुटलं. डॉक्टरांना मात्र ते पटलं नाही. दारूचा वास आला तरी वाट बदलणारे तुम्ही; पण फुगलेलं पोट म्हणजे दारू, हे आपल्याकडे इतकं पक्कं की तुमच्या तेराव्याच्या जेवणालाही माणसं तेच कुजबुजत होती.

दादाच्या डॉक्टरीणबाईंनी दारूचं एकदा विचारलं आणि त्या पुढे गेल्या. यकृत बिघडायला दारूच लागते असं नाही, म्हणाल्या. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा गुठळीनं तुंबल्या तरी पोटात असंच पाणी होतं, म्हणून आधी त्या तपासल्या. शिरा मोकळ्या निघाल्या. रक्तात सापडली ती 'बी' कावीळ, वर्षानुवर्षं गुपचूप मुरलेली. "लहानपणी कधी कावीळ झाली होती?" त्यांनी विचारलं आणि मला माळ आठवली. तुमचे आणि दादाचे डोळे एकदमच पिवळे झाले होते. पाचाडकडच्या एका म्हाताऱ्यानं झाडाच्या काड्यांच्या माळा तुमच्या डोक्यांवर ठेवल्या. माळ जसजशी लांबत अंगावरून खाली येते, तसतशी कावीळ उतरते म्हणायचे. दादा ती हळूच ओढून बघायचा आणि तुम्ही दटावायचात, "वढू नको रे, तिची ती येल." माळा पोटापर्यंत आल्या, डोळे पांढरे झाले. तुम्ही मला उचलून म्हणालात, "उतरली गो बाय, आता भ्याचं काय नाय." पथ्य सुटलं म्हणून आईनं वडे तळले. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते, एवढंच असतं ते. डोळ्यांतून गेली म्हणजे रक्तातूनही गेली, असं आपण सगळ्यांनी धरलं. तुमचंही पोट त्यामुळेच फुगलं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, असं बाई म्हणाल्या. तुमच्यावर राग नाही. कुणावर काढावा तेच कळत नाही, म्हणून भांडी घासते.

दादाला रोजची गोळी सुरू झाली आहे, पण यकृत बरंच गेलंय. मला बाईंनी बजावलं, "एकाच घरात वाढलात, तुम्हीही तपासून घ्या. तुमच्यात निघाली तर मुलीचंही बघावं लागेल." माझं सगळं तिथेच अडलंय. ही कावीळ बाळंतपणात आईकडून लेकराला जाते. माझी लेक झाली तेव्हा असलं काही कुणाला ठाऊक होतं? पोलादपूरला तिचं लग्न ठरलंय. पोरगी आनंदात आहे, आणि मी तिला जन्मासोबत आणखी काय दिलं ते एका नळीभर रक्तात कळणार आहे. वेळेत कळलं तर औषध आहे, हे मला समजत नाही असं नाही. सकाळी तिनंच मला स्कूटीवरून रक्त द्यायला सोडलं. मी बाकावर बसले, माझा नंबर पुकारला, आणि मी उठून बाहेर पडले. घरी येऊन तिला सांगितलं, चहा पिऊन गेले होते ना, उपाशीपोटी यायला सांगितलंय, उद्या जाऊ. बाबा, या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. बाईंनी मला ते आधीच सांगितलं होतं.