पायरीवरचा फोटो

के. आर. पुरम, बेंगळुरू

ती. आईस,
पाया पडते. फोनवर वहिनी शेजारीच असते, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितेय.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. शाळेत भिंतीवरच्या नकाशाऐवजी आता मोठा स्क्रीन आलाय. परवा सातवीला नकाशा शिकवताना मी निपाणी उघडली, आपली गल्ली शोधली, रस्त्यावरचे फोटो लावले, आणि समोर आपलंच दार!

पायरीवर बसून तू वहिनीच्या डोक्याला तेल लावत होतीस. चेहरे त्यात पुसट करतात, पण तुझं हिरवं इरकल मी ओळखते. ती पाठमोरी, कमरेपर्यंत केस मोकळे सोडून बसलेली. दिवाळीत मी तेलाची वाटी आणली, तेव्हा मात्र तुझा खांदा दुखत होता! वहिनी गुणाची आहे, माहीत आहे मला. दर फोनला सांगतेसच.

दादाचा खोकला कसा आहे?

तुझी (अजून असले तर),
महानंदा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज वर्गातल्या एका मुलीनं फोटोच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली. दादाच्या लग्नाआधीची आहे. म्हणजे ती मीच, केस कापायच्या आधीची. वहिनीला काही सांगू नकोस. पण आई, त्या पायरीवरच्या मुलीचा हेवा काही केल्या जात नाही.