बसायला सांगितलं का?

आई, त्या दिवशी दुकानात तू मला गादीवरून का उठवलंस? शेठ स्वतः म्हणत होते, "बसू द्या बाई, लहान आहे," आणि तरी तू माझं कोपर धरून मला उभं केलंस. तू शेठला घाबरलीस, की गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या सेल्समन लोकांची लाज वाटली, की मला काही शिकवायचं होतं? इतकी वर्षं झाली, मला याचं उत्तर देता येत नाही. तुला विचारीन विचारीन म्हणत राहिले आणि मी बारावीत असताना तू गेलीस.

तेव्हा मी सातवीत आहे. शाळा सुटली की इतवारी बाजारातल्या, तू कामाला होतीस त्या साड्यांच्या दुकानात येते, कारण बाबा कामावर असतात आणि घराला कुलूप असतं. पुढे पांढऱ्या गादीवर गिऱ्हाइकं मांडी घालून बसलेली. सेल्समन त्यांच्यापुढे एकामागून एक साड्या उलगडतोय, आणि नापसंत साड्यांचा ढीग मागे तुझ्या फळीवर येऊन पडतोय. तू उभी. दिवसभर तू उभ्यानं घड्या घालायचीस. नखं बारीक कापलेली, बोटात अंगठी नाही, हातात बांगड्या नाहीत, रेशमाचा धागा अडकेल म्हणून. घामाचा डाग पडू नये म्हणून हाताला पावडर लावायचीस आणि तो वास घरी भाकरी थापतानासुद्धा तुझ्या हाताला असायचा. पदर वर, काठ बाहेर, आणि घडी जुन्याच मोडीवर. "नवी मोड पडली का साडी जुनी दिसते," असं म्हणायचीस. दहा बायकांनी उलगडून पाहिलेली साडी अकराव्या बाईला कोरी वाटली पाहिजे, एवढंच तुझं काम. ते चांगलं झालं की कुणाला दिसायचंच नाही.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी दप्तर ठेवलं आणि गादीवर बसले. फार मऊ होती. तू मागून आलीस. "काहून बसली वं तिथं? ऊठ." मी म्हटलं, "कोणी नाही ना आता." "कोणी नसलं तरी ते जागा गिऱ्हाइकाची आहे." शेठ बोलले ते तेव्हा. तू त्यांच्याकडे पाहून हसलीस आणि माझं कोपर सोडलं नाहीस. घरी जाताना मी फुगून चालत होते. चौकात तू थांबलीस आणि म्हणालीस, "शिक आधी. मंग बस जिथं बसायचं तिथं. कोणी उठवणार नाही."

आई, मी शिकले. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. तो कागद विहारात बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवताना बाबा रडले, आणि तू तिथे नव्हतीस. मग पुढचं शिकायला अमेरिकेत आले आणि इथेच नोकरी लागली. नेपरव्हिलमध्ये एका मराठी काकूंच्या घरी तळघरातली खोली भाड्यानं घेतली आहे. सकाळी ट्रेननं शिकागोला जाते. आमची कंपनी प्रवासी कंपन्यांना सल्ला देते, आणि माझ्या नावानं निघणारा पहिला रिपोर्ट कशावर असावा? अमेरिकेतल्या कोणत्या शहरात महागडी खरेदी सगळ्यात चांगली होते, यावर. बाहेरदेशाहून येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांना कुठे न्यायचं, ते आम्ही सांगायचं. तुला हे काम म्हणून सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस.

पण मी ते मन लावून केलं. पाच शहरं फिरले. न्यूयॉर्कमध्ये जे मिळत नाही ते कुठेच मिळत नाही, हे खरं आहे. पण मॅडिसन अव्हेन्यूवर काही दुकानांची दारं बंदच असतात. बेल वाजवायची, आतून कुणीतरी बघणार, मग उघडणार. बेव्हर्ली हिल्सचा तो प्रसिद्ध रस्ता दहा मिनिटांत संपतो. तिथे पायी चालणारा माणूस फोटो काढायला आलेला, आणि गाडीतून उतरणारा माणूस गिऱ्हाईक, असा हिशेब दुरूनच होतो. मायामीत सगळं उघड्यावर, माडांच्या सावलीत, आणि अर्ध्या चड्डीतला माणूसही कोट्यधीश असू शकतो, त्यामुळे कपड्यांवरून कुणाला जोखण्याची दुकानदारांची हिंमत होत नाही. ह्यूस्टनला एका भल्यामोठ्या मॉलमध्येच सगळी दुकानं आहेत, मधोमध तयार केलेल्या बर्फावर मुलं घसरतायत, आणि आख्खं कुटुंब आजीसकट खरेदीला आलेलं असतं. शिकागोची निवड या सगळ्यांपेक्षा कमी, पण हिवाळ्यात ओक स्ट्रीटवरच्या दुकानात गेलं की आधी अंगावरचा कोट काढून घेतात. कोट घेतला म्हणजे थांबा म्हणाले. हे मला आवडलं.

प्रत्येक शहरात मी त्याच दुकानांत दोनदा गेले. एकदा ऑफिसनं सांगितल्याप्रमाणे नटून, मैत्रिणीची महागडी पर्स घेऊन. दुसऱ्यांदा माझ्या रोजच्या जाडजूड जॅकेटमध्ये, पाठीवर ऑफिसची सॅक. दुसऱ्या फेरीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मालाची निवड, येण्याजाण्याची सोय, हवा, जेवणखाण, हे कॉलम आधीच ठरलेले होते. मी त्यांच्या शेवटी एक कॉलम वाढवला: बसायला सांगितलं का? नटून गेले तेव्हा पाचही शहरांत सांगितलं. जॅकेटमध्ये गेले तेव्हा फक्त ह्यूस्टनला.

तिथली गोष्ट तुला सांगायलाच हवी. काउंटरवर तुझ्या वयाची, म्हणजे आज तू असतीस त्या वयाची, एक बाई होती. तिनं मला रेशमी स्कार्फ उलगडून दाखवला. मी तो पाहिला, आणि बोलता बोलता माझ्या हातांनी त्याची घडी घातली. जुन्या मोडीवर, काठ बाहेर. गिऱ्हाईक असं करत नाही. माझं गिऱ्हाइकाचं सोंग तिथेच उघडं पडलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "तू हे काम केलंयस," ती म्हणाली. "माझ्या आईनं केलंय." "मग तिला विचार, संध्याकाळी पाय कसे होतात ते." आणि तिनं मखमलीची खुर्ची माझ्याकडे ओढली. "बस गं. मला नाही परवानगी, निदान तू तरी बस."

माझ्या मॅनेजरनं रिपोर्ट वाचला आणि मला बोलावलं. ती अमेरिकेतल्याच वेस्ट विंडसरच्या मराठी घरातली, जन्म इथलाच. माझ्याशी हौसेनं मराठी बोलते. "यार, हा शेवटचा कॉलम क्यूट आहे. पण डिलीट कर." मी विचारलं, का? "कारण क्लायंटच्या लोकांना सगळे बसवणारच! त्यांना काय फरक पडतो?" मी म्हटलं, "ज्याला फरक पडत नाही त्यालाच तर सांगायचंय." ती हसली. मग तिचं हसू गेलं. "लिसन, हा तुझा पहिला रिपोर्ट आहे. तुझा व्हिसा या जॉबवर आहे. तू एनजीओमध्ये नाहीयेस. कॉलम ठेवलास तर माझं नाव काढ त्याच्यावरून. क्लायंट चिडला तर मी तुला सेव्ह नाही करू शकत." ती वाईट नाही, आई. माझी काळजी वाटते म्हणूनच बोलत होती. तिचा हात माझ्या कोपरावर नव्हता, पण मला तो तिथे जाणवला.

आणि म्हणून आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. बाहेर बर्फ पडतोय, शेजारचा माणूस फावड्यानं आपली वाट मोकळी करतोय, आणि मला तुझं ते चौकातलं वाक्य मान्य नाही. शिक, मग बस. म्हणजे न शिकलेल्यानं उभं राहायचं? तू चौथीपर्यंत शिकलीस, म्हणून तुझे पाय सुजले तरी चालत होतं? मॅडिसन अव्हेन्यूवर माझी डिग्री कुणी विचारली नाही. माझं जॅकेट पाहिलं आणि मला उभं ठेवलं. तू मला परीक्षा देऊन जागा मिळवायला सांगितलीस, मी दिली, पहिली आले, आणि जागा मोजणारे लोक वेगळंच काहीतरी मोजत होते. बसायची जागा हे बक्षीस नाही. ती रिकामी असेल आणि माणूस दमलेला असेल तर तेवढं पुरे आहे. शेठना ते त्या दिवशी कळलं होतं. तुला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. तुला कळत होतं आणि तरी तू उठवलंस, याचाच मला राग आहे. कदाचित शेठची मर्जी आज आहे, उद्या नसेल, हे तुला ठाऊक होतं. तसं असेल तर तू मला ते सांगायचं होतंस. मर्जीवर बसू नको, असं म्हणायचं होतंस. मी ऐकलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तू असतीस तरी कदाचित पाठवलं नसतं, कारण तू पहिल्यांदा विचारलं असतंस, "मंग नोकरीचं काय?" आणि मला ते माहीत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करते. ह्यूस्टनच्या त्या बाईनं खुर्ची ओढली, मी कॉलममध्ये "हो" लिहिलं, ते खरं आहे. पण मी बसले नाही. तिनं दोनदा म्हटलं आणि दोनदा मी "नको, ठीक आहे" म्हणत उभी राहिले. स्कार्फची दुसऱ्यांदा घडी घातली आणि बाहेर पडले. बसायला सांगितलं का, एवढंच मी सगळ्या शहरांना विचारत फिरले. बसलीस का, हे स्वतःला विचारलं नाही.

काल शनिवारी ओक स्ट्रीटवरच्या त्याच दुकानात गेले. तेच जॅकेट, तीच सॅक, बुटांना बर्फाचा चिखल. कोट घ्यायला कुणी पुढे आलं नाही, बसायलाही कुणी म्हटलं नाही. खिडकीपाशी एक खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यावर बसले. एका मुलीनं येऊन विचारलं, काही दाखवू का? मी म्हटलं, नको, थोडा वेळ बसते. ती काउंटरकडे परत गेली. पाय गरम होईपर्यंत मी तिथे बसले. तिथूनच लॅपटॉप उघडून मॅनेजरचं नाव काढलं, माझं ठेवलं, आणि रिपोर्ट त्या कॉलमसकट क्लायंटला पाठवून दिला.