बार चुकला, असं मी म्हणालो

हेग्गेदाल, ता. १६ ऑगस्ट १९८७

ती. आस्मुंडकाकांना बोर्गनीचा सा. न.

माझं पत्र पाहून चकित व्हाल. मार्चमध्ये बाबांच्या अंत्यविधीला तुम्ही चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलात आणि कॉफीलाही न थांबता निघून गेलात. बोलणं राहूनच गेलं.

आता शेत मीच बघते. हरणं रोज संध्याकाळी कुरणात उतरून गवताचा फडशा पाडतात. बाबांची बंदूक माझ्या नावावर झाली, शिकारीची परीक्षाही पास झाले. पण कुरणाच्या कडेला बसलं की पुस्तकातलं काही आठवत नाही. आई म्हणते, विचारायचं तर आस्मुंडला विचार, या खोऱ्यात त्याच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. तेव्हा सांगा, काय घेऊ, काय घालू, कुठे बसू? दुकानात एक हिरवं जॅकेट हेरून ठेवलंय, त्याला अकरा खिसे आहेत. शेजारची मालफ्रिड, जिची कुत्री जखमी हरणांचा माग काढते, ती म्हणते, अकरा खिशांत भरायला तुझ्याजवळ सध्या फक्त भीती आहे.

गुडघा कसा आहे? बाबा सांगायचे, गुडघ्याने दगा दिला नसता तर आस्मुंडने शिकार सोडली नसती.

लोभ आहे असं धरूनच लिहिलंय. खोटी पाडू नका.

तुमची पुतणी,
बोर्गनी

ऑलेसुंड, ता. २४ ऑगस्ट १९८७

चि. बोर्गनीस अनेक आशीर्वाद.

ते जॅकेट घेऊ नकोस. तसलं कापड चालताना सळसळतं आणि हरणाचे कान तुझ्यामाझ्यासारखे नसतात. दादाचा जुना लोकरी कोट असेल तो घाल, भिजला तरी ऊब देतो. बूट मात्र चांगले घे आणि आत्तापासून गोठ्यात वापरून मऊ कर. आखूड पात्याची सुरी, दोरी आणि गळ्यातली दुर्बीण, एवढं पुरे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून हरीण शोधायचं नाही. झुडपामागे माणूसही असू शकतो.

वारा तोंडावर घेऊन बस. ऐंशी पावलांपलीकडे बार काढू नकोस, बंदूक कशावर तरी टेकवल्याशिवाय तर नाहीच. हरीण आडवं उभं राहू दे. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या भागात नेम धर. त्याच्या मागे मातीचा उतार हवा, आकाश नको. अंधुक झालं की बंदुकीतली गोळी काढून घे आणि घरी जा. हरिणीबरोबर पाडस असेल तर आधी पाडस. याचं कारण विचारू नकोस.

बार झाल्यावर अर्धा तास जागची हलू नकोस. मग हरीण जिथे उभं होतं तिथे केस, रक्त, काय दिसतं ते बघ. काहीच दिसलं नाही तरी चुकला असं समजू नकोस. मालफ्रिडच्या माग काढणाऱ्या कुत्रीला बोलव. हे दोनदा वाच.

गुडघ्याचं दादाने काय सांगितलं मला माहीत नाही. माझा गुडघा कधीच दुखला नाही.

वहिनींना नमस्कार.

आस्मुंड

हेग्गेदाल, ता. २० सप्टेंबर १९८७

ती. काकांना सा. न.

चार संध्याकाळी बसले, एकही बार काढला नाही. पहिल्या दिवशी शिंक आली. दुसऱ्या दिवशी वारा फिरला. काल हरिणी आली, पण पाडस तिच्या पोटाला चिकटून होतं आणि उजेड सरत होता. गोळी काढली आणि घरी आले. आई म्हणाली, हरणांना आता तू ओळखीची झालीस.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. गुडघ्याच्या ओळीवर ती विणायची थांबली. सोळा वर्षं ती गुडघाच धरून बसली होती. काका, मग काय झालं होतं? बाबा असते तर त्यांना विचारलं असतं.

राग आला तरी पत्रं लिहिणं बंद करू नका.

बोर्गनी

ऑलेसुंड, ता. २९ सप्टेंबर १९८७

चि. बोर्गनीस आशीर्वाद.

तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात दादा आणि मी वरच्या कुरणाशी बसलो होतो. अंधुक झालं होतं. दोनशे पावलांवर एक हरिणी होती. दादा म्हणाला, लांब आहे, राहू दे. मी बार काढला. तिने पाठ वाकवली आणि झाडीत गेली. पाठ वाकवली म्हणजे गोळी पोटात, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी मी म्हणालो, चुकला. दादा म्हणाला, कुत्रा आणू. मी म्हणालो, कशाला, चुकलाय म्हणतो ना. मला शहरात जेवणाला पोचायचं होतं. माझ्या शब्दावर त्याने शोध सोडला.

बारा दिवसांनी त्याला ती ओढ्याकाठी सापडली. तिचं पाडस अजून तिथेच होतं. त्याने फोनवर एवढंच म्हटलं, "नेम कुणाचाही चुकतो रे. पण तू मला खोटं का सांगितलंस?"

मी उलट त्याच्यावरच चिडलो. नको ते बोललो आणि बंदूक विकून टाकली. तो मात्र दर सप्टेंबरला एक कार्ड पाठवायचा: हंगाम सुरू होतोय, ये. पंधरा कार्डं आहेत माझ्याकडे. एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटच्याला नाताळानंतर लिहू म्हटलं, मग ईस्टरला लिहू म्हटलं. मार्चमध्ये तुझा फोन आला.

आस्मुंड

हेग्गेदाल, ता. ११ ऑक्टोबर १९८७

ती. काकांना सा. न.

खरं सांगते, दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. हरिणीसाठी नाही. सप्टेंबर लागला की बाबा रोज टपालपेटीपर्यंत स्वतः जायचे, दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसत. मला वाटायचं, त्यांना चालायला आवडतं.

परवा सकाळी मी पाडसावर बार काढला. सत्तर पावलं, बंदूक कुंपणावर टेकलेली. ते उडी मारून पळालं. केस नाहीत, रक्त नाही. आमच्या शिकारीच्या गटातले दोघं म्हणाले, चुकला, पहिल्या वेळी होतं असं. मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि मालफ्रिडला बोलावलं. तिची कुत्री टास अडीच तास नाक जमिनीला लावून फिरली. पाडस दरीच्या तोंडाशी पडलं होतं, मेलेलं. गोळी वीतभर मागे लागली होती. मी रडले. मालफ्रिडने रडू दिलं आणि मग सुरी हातात दिली.

तुम्ही लिहिलं नसतं तर मीही घरी आले असते. आई म्हणते, मांस टांगून ठेवलंय, जेवायला माणूस हवा. या ना.

बोर्गनी

ऑलेसुंड, ता. १८ ऑक्टोबर १९८७

चि. बोर्गनीस अनेक आशीर्वाद.

अडीच तास. मी तेव्हा दहा मिनिटंही दिली नाहीत.

एक राहिलंय. तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे यायला निघालो होतो. बोट तुमच्या धक्क्याला लागली तेव्हा दादा तिथे कुणाची तरी पोती उतरवत होता. पाठीत वाकला होता. मी खालच्या मजल्यावर जाऊन बसलो आणि त्याच बोटीने परत गेलो. वीस पावलं होती.

शनिवारी दुपारच्या फेरीने येतो. वडीलधाऱ्याने मागू नये, तरी मागतो: धक्क्यावर ये. मी उतरलो नाही तर बोटीवर चढ आणि मला हाताला धरून उतरव.

आस्मुंडकाका