खालच्या पट्ट्या

वरचं झाकण निघालं, बाबा, आणि आत तुमची पुरचुंडी सापडली. कापूर केव्हाच उडून गेलाय, फडक्याची गाठ तेवढी राहिली. बाजाच्या पेटीत कीड लागू नये म्हणून ठेवतात तसा तुम्ही या विजेच्या ऑर्गनमध्येही कापूर ठेवायचा. महिनाभर ऑर्गन दुरुस्तीसाठी माझ्याकडे अकोल्यात आहे. उद्या सकाळी अमरावतीला विहारात परत न्यायचा. आत्या गाणार, मी वाजवणार. वाजला तर ठेवू, नाही तर भंगारात देऊ, असं विहाराच्या समितीनं स्पष्ट सांगितलंय.

पन्नाशीत वाजवायला शिकते आहे. पहिल्या आठवड्यात तो नुसता घरघरला. आत एक वायर सुटली होती, ती मीच सोल्डर केली. वरच्या पट्ट्या बोलल्या, खालच्या मुक्याच. त्या कायमच मुक्या होत्या. "खराब हायेत," असं तुम्ही सगळ्यांना सांगायचा. नऊ वर्षांची असताना, परतवाड्याच्या जयंतीच्या कार्यक्रमाआधी, मी त्यांच्यावर बोटं ठेवली आणि तुम्ही चारचौघांत माझ्या हातावर चापट मारली. "डावा हात गप ठेव. काहून जाते खाली?" मग कार्यक्रम सुरू होतो. तुमचा उजवा हात पळतो आहे, डावा झाकणाच्या कोपऱ्यावर निवांत. मला ती ऐट वाटते.

आज दुपारी जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आले. बॅटरी मारून आत बराच वेळ पाहत राहिले. "ताई, ह्या खराब नाहीत. वरच्या पट्ट्यायच्या तारा पाहा, घासून चकचकीत. खालच्या काळ्याठिक्कर. ह्यायले कोणी हातच नाही लावला."

"मग बाबा खराब का म्हणायचे?"

"पेटीवाले होते का?"

"हो."

काका हसले. "मंग डाव्या हातानं जलमभर भाताच मारला असन. इथं भाता नाही. हात ठेवाचा कुठी?"

मी झाकण उचलून पाहिलं. डाव्या कोपऱ्यावरचं पॉलिश तळहाताएवढं गेलंय. गावोगाव तुम्हाला ऑर्गनवाले म्हणायचे. खाली काय वाजवायचं हे तुम्ही कोणाला विचारणार होता? मी शाळेत शिकवते, न येणारं उदाहरण चुकीचं छापलंय म्हणणारी मुलं रोज भेटतात. राग नाही. चापट तेवढी परत घ्या.

स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक तार पुसली. संध्याकाळी शेवटची पट्टी वाजली. दणदणीत, तुम्ही कधी न ऐकलेली. आत्याचा फोन आला. "काळी दोनच्या सुरातच वाजवजो. आन् तुह्या बापासारखं वाजव, लय शायनिंग नोको मारू."

"मी दोन्ही हातांनी वाजवणार आहे."

"पाहू," आत्या म्हणाली.

नवा कापूर बांधून आत ठेवला. हा कागदही ठेवणार होते, पण झाकण लावताना पर्समध्येच राहिला. म्हणून पुढचं लिहिते. सकाळी विहारात सगळ्या पट्ट्या वाजल्या, खालच्यासुद्धा. ऑर्गन तिथेच राहिला. आत्यानं दुसरं कडवं उचललं तेव्हा माझा डावा हात झाकणाच्या त्या कोपऱ्यावर होता. केव्हा गेला, कळलं नाही.