बोथट कात्री

सोमवार, ता. ४ मार्च, सकाळी सव्वानऊ. कात्री पुसत होतो.

तीर्थरूप मामा,

'तुझं तोंड नको आणि अक्षरही नको,' असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

तुम्ही मंत्री असताना उद्घाटनांची कात्री मी सांभाळायचो. 'धार नको रे, फीत पटकन तुटली तर फोटो निघत नाहीत,' हे तुम्हीच सांगितलेलं. म्हणून मी ती फरशीवर घासून बोथट ठेवायचो.

दवाखान्याच्या उद्घाटनाला तुम्ही फीत कापत राहिलात, फोटोवाले फोटो काढत राहिले, आणि समोरच्या पोर्चची स्लॅब धाडकन खाली आली. हातात कात्री, तोंडाचा आ, मागे धुरळा. तो फोटो सगळीकडे छापून आला आणि तुमचं मंत्रिपद गेलं.

'या गाढवाने धार लावली असती, तर मी केव्हाच आत गेलो असतो!' तुम्ही ओरडलात.

'अहो, आत गेला असतात तर घरात तुमचा फोटोच लावावा लागला असता,' मामी म्हणाली.

मी हसलो. माझी चूक तेवढीच.

आता गुरुवारी नवे मंत्री त्याच दवाखान्याचं उद्घाटन करणार आहेत. ठेकेदारही तोच. मला नव्या मंत्र्यांनी कामावर बोलावलं आहे आणि कात्री धारदार आणायला सांगितली आहे.

मी बोथटच नेणार आहे. त्यांचा जीव वाचेल, आणि तुमच्यासारखाच फोटोही पेपरात येईल. तो कापून मामीकडे देतो. तुम्हाला तेवढीच सोबत.

अजूनही तुमचाच,
भाचा